दोन वर्षे तोच फ्रॉक



आपल्या वार्तापत्रातून मी बहुधा वैद्यकीय शिबिरांचा अहवाल देते: किती रुग्ण तपासले, किती चष्मे वाटले, कोणती औषधे कमी पडली. या वेळी अहवाल बाजूला ठेवून एका फ्रॉकची गोष्ट सांगते. त्या गोष्टीत माझी एक चूक आहे, आणि ती चूक आपल्यापैकी अनेकांच्या हातून रोज घडत असेल असे मला वाटते.

जव्हारच्या बाजूला मुलींचे एक वसतिगृह आहे. भाईंदरहून आमचा गट दर तीन महिन्यांनी तिथे जातो. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात आपण सर्वांनी दिलेल्या वर्गणीतून मुलींना नवे फ्रॉक शिवून नेले होते. गेल्या वर्षी गेले तेव्हा चौथीतली एक मुलगी तोच फ्रॉक घालून समोर आली. रंग थोडा विटला होता, पण फ्रॉक अगदी अंगासरशी बसत होता. मी कौतुकाने म्हणाले, "बघा, किती जपून वापरते!" वसतिगृहाच्या सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, बाकीच्या मुलींचे फ्रॉक आखूड होऊन केव्हाच धाकट्या बहिणींकडे गेले. हिचाच कसा राहिला?"

पस्तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केलेल्या मला हा प्रश्न पडायला हवा होता. तो सिस्टरांना पडला.

आम्ही शालेय आरोग्य तपासणीचे जुने कार्ड शोधून काढले. दुसरीत असताना तिची उंची ११० सेंटीमीटर होती. त्या दिवशी भिंतीला उभी करून मोजली तर ११४. दोन वर्षांत चार सेंटीमीटर! वजन मात्र वाढलेले, चेहरा भरलेला. म्हणून ती कोणालाच कुपोषित वाटली नव्हती. त्वचा कोरडी, पोट साफ होत नाही, दुपारीही स्वेटर काढायला तयार नाही, वर्गात कधी दंगा नाही. सगळे म्हणायचे, "गुणी आहे, शांत आहे." रक्त तपासल्यावर कळले की तिची थायरॉईड ग्रंथी जवळजवळ थकून गेली होती. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच आपल्या ग्रंथीवर हल्ला केला होता. शाळकरी वयात थायरॉईड मंदावण्याचे हे नेहमीचे कारण आहे. तिचा शांतपणा हा तिच्या आजाराचा भाग होता.

उंची हा शरीराचा हिशेब आहे

मूल जन्मते तेव्हा साधारण ५० सेंटीमीटर असते. पहिल्या वर्षात ते सुमारे २५ सेंटीमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात १० ते १२. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वाढ संथ पण नियमित असते, म्हणजे वर्षाला पाच ते सहा सेंटीमीटर. या वयात वर्षभरात चार सेंटीमीटरहून कमी वाढ झाली तर तपासणी करावी, असे बालहार्मोनतज्ज्ञ सांगतात.

या वाढीमागे अनेक हार्मोन काम करतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती वाढीचे हार्मोन मुख्यत्वे रात्रीच्या गाढ झोपेत सोडते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सर्व पेशींच्या कामाचा वेग ठरवते. यकृत 'आयजीएफ-१' नावाचा दूत तयार करते आणि हाडे वाढतात ती त्याच्या निरोपाने. यातला एक जण जरी थांबला तरी मुलाची उंची अडते. वजन दोन महिन्यांत वर-खाली होऊ शकते, पण उंची खोटे बोलत नाही. मागच्या वर्षभरात मुलाच्या शरीरात काय घडले याचा हिशेब तिच्यात लिहिलेला असतो.

"आदिवासी मुले लहानखुरीच असतात"

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि, खरे सांगते, स्वतः बोललेही आहे. ते कितपत खरे आहे? जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांची मापे घेतली. चांगले खायला मिळणारी, आईचे दूध प्यालेली आणि आजारपणापासून जपलेली मुले त्यासाठी निवडली होती. भारतातील मुले दिल्लीची होती. पाच वर्षांपर्यंत या सर्व देशांतील मुले जवळजवळ सारखीच वाढली. त्यावरूनच २००६ मध्ये जगभरासाठीचे वाढीचे तक्ते निघाले. आई-वडिलांच्या उंचीचा परिणाम मुलावर होतोच, पण संपूर्ण समाजाची मुले खुजी राहतात तेव्हा त्याचे मोठे कारण ताटात, पाण्यात आणि आईच्या गर्भारपणात शोधावे लागते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली, म्हणजे तिघांत एकाहून अधिक.

उपाशी मुलाच्या शरीरात काय होते हे समजण्यासारखे आहे. त्याच्यात वाढीचे हार्मोन कमी नसते, उलट बऱ्याचदा जास्तच असते. पण अन्नच नसल्यामुळे यकृत 'आयजीएफ-१' बनवत नाही. आपल्या पाड्यांवरची कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते: मुकादम हाका मारतो आहे, पण मातीही नाही आणि पाणीही नाही, मग विटा पडणार कशा? अशा मुलाला हार्मोनचे इंजेक्शन देऊन काही साधत नाही. त्याला पोटभर सकस जेवण, स्वच्छ पाणी आणि जंतांवर उपचार हवे असतात.

आमच्या मुलीचे तसे नव्हते. तिथे माती होती, पाणी होते, गळ्यातला कामगारच बसला होता. दोन्ही मुले बुटकीच दिसतात, पण उपाय वेगळे. "ती लहानखुरीच असतात" असे म्हणून आपण पुढे गेलो की दोघांचेही नुकसान होते.

मीरा रोडचा दुसरा मुलगा

त्याच महिन्यात मीरा रोडला भाच्याच्या घरी गेले होते. त्याचा मुलगा नऊ वर्षांचा, वजन ४८ किलो. भाचेसून म्हणाली, "आत्या, याचे थायरॉईड तपासून घेऊ का? एवढा जाड कसा?" मी त्याची उंची मोजली. १४२ सेंटीमीटर, म्हणजे वर्गातल्या उंच मुलांपैकी एक.

इथे एक साधा नियम उपयोगी पडतो. जाड मूल वयाच्या मानाने उंच असेल आणि वाढत असेल, तर कारण बहुतेक वेळा खाणे, बसणे, झोप आणि घराण्याकडून आलेली प्रवृत्ती यांत असते. जाड मूल बुटके असेल किंवा त्याची उंची अडली असेल, तर थायरॉईड, वाढीचे हार्मोन किंवा कॉर्टिसॉल यांचा बिघाड शोधायला हवा. हार्मोनच्या आजाराने जाड झालेली मुले शंभरात फार थोडी असतात. पण ती थोडी मुले सापडतात ती उंची मोजल्यामुळेच.

भाच्याच्या मुलाच्या मानेवर मागे काळपट, मखमलीसारखा पट्टा होता. आई रोज साबणाने घासत होती, "मळ जातच नाही." तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की रक्तात इन्सुलिन वाढते आणि मानेची, काखेची त्वचा अशी काळवंडते. पुढे मधुमेह होऊ शकतो याची ती आगाऊ सूचना आहे. वाचकहो, आपल्या घरातल्या मुलांच्या माना आज पाहा.

अशा मुलाला "खादाड" म्हणून हिणवू नका. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन हे हार्मोन शोधले. चरबीच्या पेशी ते सोडतात आणि मेंदूला सांगतात, "साठा पुरेसा आहे, आता थांब." १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांना दोन चुलत भावंडे सापडली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो. दोघांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. पुढे इंजेक्शनने लेप्टिन दिल्यावर मुलीची भूक आवरली आणि वजन उतरू लागले. असा आजार अतिशय दुर्मीळ आहे. पण भूक ही केवळ इच्छाशक्तीची गोष्ट नाही, हे त्यातून सर्वांना कळले.

हे दोघे एकमेकांपासून दूर नाहीत

जव्हारचे खुजे मूल आणि मीरा रोडचे जाड मूल ही दोन टोके आहेत असे मला वाटायचे. पुण्याच्या संशोधनाने माझा हा समज बदलला.

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. पुण्याची बाळे सगळ्याच बाबतींत लहान होती, पण सारख्या प्रमाणात नाही. स्नायू आणि पोटातले अवयव फार कमी पडले होते, चरबी मात्र बरीचशी राखली गेली होती. वरून बारीक, आतून चरबीदार. गर्भात तंगी असली की शरीर मेंदूला आणि साठ्याला आधी जपते, स्नायूंच्या वाट्याला उरलेसुरले येते.

अशा मुलाला पुढे भात, साखर आणि तेल भरपूर मिळाले, दूध-डाळ-भाजी मात्र बेताची मिळाली, तर त्याचे पोट सुटते आणि मधुमेह लवकर येतो. याच गावांतील मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. गर्भारपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. या गावांतील बहुतेक मातांमध्ये बी-१२ कमीच होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते, वनस्पतींतून जवळजवळ नाही. गर्भारपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती, हेही याच अभ्यासात दिसले.

मग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक प्रयोग झाला. पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासूनच रोज दिला. खाऊ घेणाऱ्या गटात गर्भारपणातला मधुमेह ७.३ टक्के स्त्रियांना झाला, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. बाळांचे वजन मात्र एकूणात वाढले नाही. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्यांत थोडे वाढले, पण अगदी कृश स्त्रियांत तेही नाही. म्हणजे मूठभर खाऊने पिढ्यांची भूक भरून येत नाही, आणि सुरुवात बाळापासून करून चालत नाही. ती आज पाचवी-सहावीत असलेल्या मुलीपासून करावी लागते.

दुसरीकडे लठ्ठपणा आपल्याला वाटतो त्याहून जवळ आला आहे. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनाची मुले आधीच्या पाहणीत १.९ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाली. जगात ५ ते १९ वयाची सुमारे १६ कोटी मुले २०२२ मध्ये लठ्ठ होती. पाड्याच्या टपरीवरही पाच रुपयांचे कुरकुरीत पुडे आणि रंगीत पेये लटकलेली दिसतात. अंडे मात्र दिसत नाही.

नव्या औषधांविषयी

प्रवचनानंतर चहाच्या वेळी मला हल्ली "ती वजनाची इंजेक्शने" विचारली जातात. १२ ते १८ वयाच्या लठ्ठ मुलांवर सेमाग्लुटाइडची चाचणी झाली, तिचे निकाल २०२२ मध्ये आले. ६८ आठवड्यांत उंचीच्या प्रमाणातले वजन सरासरी १६ टक्क्यांनी उतरले. औषध प्रभावी आहे, पण महाग आहे, मळमळ-उलट्या होतात, आणि ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली निवडक मुलांसाठीच आहे. वाढीच्या हार्मोनची रोज घ्यायची इंजेक्शनेही महाग असतात. आता काही देशांत आठवड्यातून एकदा घ्यायची निघाली आहेत. याउलट थायरॉईडची गोळी अगदी स्वस्त असते. जी गोष्ट सर्वांत स्वस्तात बरी होते, तीच आपण बघायचे विसरतो.

आपण काय करू शकतो

नाताळच्या भेटींची यादी लवकरच निघेल. त्याआधी चार गोष्टी सुचवते.

पहिली, उंची मोजूया. प्रत्येक वसतिगृहात आणि पाड्यावरच्या अभ्यासिकेत भिंतीवर मोजपट्टी लावण्याचा खर्च अगदी थोडा आहे. मूल अनवाणी, केसांतली क्लिप काढून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून उभे करावे. डोक्यावर कडक पुठ्ठ्याचे पुस्तक काटकोनात ठेवून खूण करावी. दर सहा महिन्यांनी शक्यतो त्याच व्यक्तीने मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते उपलब्ध आहेत. उंची अडलेली दिसली, मुलगी आठ वर्षांच्या किंवा मुलगा नऊ वर्षांच्या आधी वयात येऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. परळच्या वाडिया बालरुग्णालयात या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे.

दुसरी, भेटीतला खाऊ बदलूया. दरवर्षी आपण बिस्किटे, गोळ्या आणि सरबताची पावडर नेतो. मुले आनंदतात, आपणही आनंदतो. पण जन्मतः स्नायू कमी पडलेल्या मुलाला आपण साखर आणि मैदा देतो. त्याऐवजी शेंगदाणे, चणे, गूळ, डाळी देऊया. उत्तन, पाली, चौक इथल्या आपल्या कोळी भगिनी बांबूंवर बोंबील वाळवतात, जवळा सुकवतात. खारवलेली मासळी नको, पण वाळवलेला जवळा पाड्यावर आवडीने खाल्ला जातो. त्यात प्रथिने आहेत आणि बी-१२ही आहे. पाड्यावरची नागली, उडीद, पावसाळ्यातल्या रानभाज्या आणि चिंबोऱ्या यांना कमी लेखू नका. राज्य शासनाच्या अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण, तर लहानग्यांना अंडी किंवा केळी मिळण्याची सोय आहे. ते मिळते का, हे आपल्या स्वयंसेवकांनी अंगणवाडीताईंबरोबर बसून पाहावे.

तिसरी, मीठ पाकिटाचेच द्यावे. भाईंदरची मिठागरे पाहत मी मोठी झाले आणि आमच्या घरी वर्षभर खडे मीठच असायचे. पण साध्या खड्या मिठात आयोडीन पुरेसे नसते, आणि आयोडीनशिवाय थायरॉईडला हार्मोन बनवता येत नाही. गर्भारपणी ते फार कमी पडले तर बाळाची बुद्धीच खुंटते. म्हणूनच मे २००६ पासून देशात खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला बंदी आहे.

चौथी, अंगात भरण्याच्या, भूक वाढवण्याच्या किंवा खाज घालवणाऱ्या अनोळखी पुड्या आणि मलमे मुलांना देऊ नयेत. त्यांत स्टेरॉईड असले तर चेहरा गोल होतो, अंग भरते आणि लोक म्हणतात, "औषध लागू पडले." पण उंची थांबलेली असते. मात्र डॉक्टरांनी दमा किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी दिलेले स्टेरॉईड आपल्या मनाने अचानक बंद करू नये, ते जिवावर बेतू शकते.

ती मुलगी आता

सकाळी प्रार्थनेआधी, उपाशी पोटी, एक छोटी गोळी आणि पेलाभर पाणी. सिस्टर स्वतः देतात आणि कॅलेंडरवर खूण करतात. गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागेल. पहिल्या वर्षात तिची उंची नऊ सेंटीमीटरने वाढली. निदान उशिरा झाल्यामुळे गेलेली सगळी उंची भरून येईल असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. ती दोन वर्षे माझ्या डोळ्यांसमोरून गेली, याची रुखरुख मला आहे.

भाच्याच्या घरी थंड पेयाच्या बाटल्या बंद झाल्या आहेत. बापलेक संध्याकाळी चालायला जातात. मुलाचे वजन अजून फारसे उतरलेले नाही, पण उंची वाढते आहे आणि वजन जागेवर आहे. वाढत्या वयात हेही मोठे यश असते.

मागच्या भेटीत सिस्टर तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "बाई, तुमची ती शांत मुलगी आता वर्गात बडबड करते म्हणून मास्तर ओरडतात." आणि तो फ्रॉक? तो आखूड झाला. आता पहिलीतल्या एका मुलीच्या अंगावर आहे. तिची उंची आम्ही त्याच दिवशी मोजली आणि वहीत लिहून ठेवली.